कातडीवरचा डाग आणि घरातली ट्यूब

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत क्लब हाऊसमध्ये झालेल्या भाषणाचे शब्दांकन. शेवटी श्रोत्यांच्या काही प्रश्नांची उत्तरे दिली आहेत.)



सांस्कृतिक समितीने मला विषय दिला, 'त्वचेचे कर्करोग व अन्य त्वचाविकार : नवे संशोधन'. नोटीस बोर्डावर हे वाचून दोघी-तिघींनी मला लिफ्टमध्येच गाठलं. म्हणाल्या, "अहो डॉक्टर, रौप्यमहोत्सवात कर्करोग कशाला? केस गळण्यावर बोला ना." केसांवर पुन्हा कधीतरी नक्की बोलेन. आज विषय दिलेलाच घेते, फक्त त्याचा क्रम थोडा उलटा करते. कर्करोग नंतर. आधी या सभागृहात बसलेल्या निदान आठ-दहा जणांना आत्ता, या क्षणी, जे खाजतंय त्याच्यावर बोलू.

हसताय, पण खरं आहे. शरीरातले बाकीचे अवयव पाहायला एक्स-रे लागतो, सोनोग्राफी लागते. कातडी तेवढी उघड्या डोळ्यांनी दिसते. त्यामुळे तिचे डॉक्टर घरोघरी असतात. छातीत दुखलं तर कोणी शेजारणीकडून गोळी मागून घेत नाही. जांघेत खाज आली की मात्र आधी घरातली ट्यूब, मग शेजारची ट्यूब, मग केमिस्टची ट्यूब, आणि सहा महिन्यांनी डॉक्टर. तीस वर्षं सरकारी आणि पालिकेच्या दवाखान्यांत बसून मी हाच क्रम पाहत आले आहे.

गजकर्णापासून सुरुवात करते. कोणी नायटा म्हणतं, कोणी दाद म्हणतं. कडा लालसर, उंचावलेली, मधे जरा साफ, असा गोल चट्टा. हा किडा नव्हे, रक्तदोषही नव्हे. ती बुरशी आहे. लोणच्यावर येते तशीच, फक्त हिला आपल्या कातडीतलं केराटिन आवडतं.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा गजकर्ण हा आमच्या ओपीडीतला सगळ्यात सोपा आजार होता. शिकाऊ डॉक्टरांना आम्ही पहिल्या आठवड्यात तोच द्यायचो. दोन-तीन आठवडे मलम, फार तर टर्बिनाफिनच्या गोळ्या, आणि माणूस बरा. गेल्या दहा-बारा वर्षांत हे चित्र पार बदललं. आता अख्खं घरच येतं. आजोबांना कमरेला, सुनेला काखेत, नातवाला गालावर. औषध घेतात, बरं वाटतं, महिन्याने पुन्हा येतात. देशभरातल्या त्वचारोगतज्ज्ञांना हाच अनुभव आला, आणि मग प्रयोगशाळांनी बुरशीकडे नीट पाहायला सुरुवात केली.

तर बुरशीच वेगळी निघाली. पूर्वी आपल्याकडे 'ट्रायकोफायटन रुब्रम' नावाची जात जास्त सापडायची. तिची जागा दुसऱ्याच जातीने घेतली होती. 2020 मध्ये जपानमधल्या संशोधकांनी भारतातून आणि नेपाळमधून तिकडे गेलेल्या रुग्णांच्या कातडीतून ती वेगळी काढली आणि तिला स्वतंत्र नाव दिलं : 'ट्रायकोफायटन इंडोटिनी'. टिनिया म्हणजे वैद्यकातलं गजकर्ण, आणि 'इंडो' म्हणजे आपण. रोगाच्या नावात देशाचं नाव असावं का, यावर आमच्या काही मंडळींनी आक्षेपही घेतला. मला नावापेक्षा त्या बुरशीच्या गुणांची काळजी जास्त आहे.

टर्बिनाफिन काम कसं करतं, हे थोडक्यात सांगते. बुरशीच्या पेशीला बाहेरचं आवरण बांधायला एक विशिष्ट स्निग्ध पदार्थ लागतो. तो बनवणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. टर्बिनाफिन त्या एन्झाइममध्ये किल्लीसारखं जाऊन बसतं आणि काम बंद पाडतं. या नव्या बुरशीतल्या पुष्कळ नमुन्यांत त्या एन्झाइमच्या जनुकात एक छोटासा बदल झालेला आहे. प्रथिनातल्या 397 व्या जागेवरचा एक घटक बदलला, बस्स, एवढंच. कुलूप बदललं, किल्ली बसेना. म्हणून चार आठवडे गोळ्या घेऊनही चट्टा तसाच. मग आम्हाला इट्राकोनॅझोलसारखं दुसरं औषध जास्त दिवस द्यावं लागतं. त्याचे स्वतःचे त्रास आहेत, इतर औषधांशी भांडणं आहेत, आणि खर्च तर आहेच.

मे 2023 मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, सीडीसीने, न्यूयॉर्कमधल्या दोन स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली. त्या देशातल्या या बुरशीच्या पहिल्या नोंदलेल्या केसेस. एक बाई बांगलादेशला जाऊन आली होती. दुसरी गरोदर होती आणि ती परदेशी कुठेच गेली नव्हती. म्हणजे बुरशी तिथे आधीच फिरत होती. आपल्या सोसायटीतल्या किती घरांतली मुलं परदेशात आहेत, मोजून पाहा. आपण लाडूचा डबा पाठवतो, त्याच बॅगेतून टॉवेलही जातो.

आता प्रश्न असा की ही बुरशी इथेच का माजली? दमट हवा आहे, गर्दी आहे, घट्ट जीन्स आहे, सगळं आहे. पण हवा दमट पूर्वीही होती. आमच्यातल्या बहुतेकांचं बोट जातं ते त्या ट्यूबकडे.

या ट्यूबचा प्रवास मी एका घरात प्रत्यक्ष पाहिला आहे. आपल्या सोसायटीतलं घर नव्हे, निश्चिंत राहा. तीन वर्षांच्या मुलीच्या गालावर चट्टा होता, म्हणून सून तिला घेऊन आली. मी म्हटलं, काय लावता ते घेऊन या. ट्यूब आली, शेपटीपासून गुंडाळत आणलेली, फ्रिजच्या दारात ठेवलेली. ती मुळात आजोबांच्या जांघेसाठी केमिस्टने दिली होती. आजोबांना तीन दिवसांत आराम पडला. मग मुलाने लावली. मग भांड्याच्या बाईला दिली, ती उरलेली परत देऊन गेली, प्रामाणिक बाई. आणि शेवटी आजीने नातीच्या गालाला लावली. एका ट्यूबमध्ये तीन औषधं होती : एक बुरशीवरचं, एक जंतूंवरचं, आणि एक क्लोबेटासोल. हे क्लोबेटासोल म्हणजे लावण्याच्या स्टेरॉइडांमधलं सगळ्यात जोरदार.

खाज का येते? शरीराचे सैनिक बुरशीशी झुंजत असतात, म्हणून. लाली, आग, खाज ही त्या झुंजीची खूण. स्टेरॉइड ती झुंज थांबवतं. दोन दिवसांत खाज गेली, लाली गेली, माणूस म्हणतो वा, काय औषध आहे! चोर घरात शिरल्यावर भुंकणाऱ्या कुत्र्यालाच झोपेची गोळी घालावी, तसं हे झालं. शांतता झाली खरी, पण चोर आत आहे आणि आता त्याला घाई नाही. चट्टा पसरतो, त्याची गोल कडा पुसट होते, आणि मग आम्हा डॉक्टरांनाही तो ओळखायला त्रास होतो. आणि अर्धवट औषध सोसत सोसत बुरशी निबर होते.

कातडीचंही नुकसान होतं. जांघेत, काखेत कातडी मुळातच पातळ. तिथे महिनोन्महिने हे लावलं की गरोदरपणानंतर पोटावर पडतात तशा रेघा पडतात. अठरा-वीस वर्षांच्या मुलांच्या मांड्यांवर मी त्या पाहते. त्या जात नाहीत. चेहऱ्याची गोष्ट आणखी वाईट. 1967 सालचा एक जुना प्रयोग आहे. तोच स्टेरॉइड हाताच्या आतल्या बाजूला जेवढा मुरतो, त्याच्या सहापट कपाळावर आणि तेरापट जबड्याच्या कोपऱ्यावर मुरतो. आणि आपल्याकडे तर हे मलम गोरं होण्यासाठी लावतात! आमच्या संघटनेच्या डॉक्टरांनी देशातल्या बारा केंद्रांवर चेहऱ्याचे विकार असलेले 2926 रुग्ण तपासले होते. 2011 मध्ये तो अभ्यास छापून आला. त्यातले 433 जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते, आणि त्यातल्या 29 टक्क्यांनी ते गोरेपणासाठी, सर्वसाधारण क्रीम म्हणून किंवा दाढीनंतर लावायला म्हणून वापरलं होतं. निम्म्याहून अधिक लोकांना ते डॉक्टर नसलेल्या कोणीतरी सुचवलं होतं. शेजारीण, ब्यूटी पार्लर, केमिस्ट, मावसबहीण.

2018 मध्ये सरकारने अशी चौदा लावण्याची स्टेरॉइडं 'शेड्यूल एच'मध्ये आणली. म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. कायदा झाला. दुकानात जाऊन 'खाजेचं द्या' म्हटल्यावर काय मिळतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

म्हणून ट्यूब वाचायला शिका. मोठ्या अक्षरातलं नाव सोडा, खालचं बारीक वाचा. चष्मा लावा, नातवंडांकडून वाचून घ्या. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांतलं एखादं नाव दिसलं की ते स्टेरॉइड. म्हणून ते विष आहे असं नाही हं. इसबाला, सोरायसिसला आम्ही तेच देतो आणि त्याच्याशिवाय चालत नाही. प्रश्न कोणाला, कुठे आणि किती दिवस, एवढाच आहे. आणि जे चेहऱ्याला महिनोन्महिने लावत आहेत त्यांनी माझं भाषण ऐकून आज रात्री एकदम बंद करू नका. चेहरा भडकतो, लालबुंद होतो. डॉक्टरांना दाखवून कमी करत आणायचं.

कपड्यांचं एक सांगते आणि पुढे जाते. घरात एकाला गजकर्ण असेल तर त्याचे आतले कपडे, टॉवेल, चादर वेगळे धुवा. साठ अंश तापमानाच्या पाण्यात ही बुरशी मरते. तीस अंशाच्या पाण्यात टिकते आणि मशीनमधल्या दुसऱ्या कपड्यांवर जाते. मशीनवर 'क्विक वॉश' दाबून समाधान मानू नका. कपडे उलटे करून उन्हात वाळवा. आपल्या बाल्कन्यांना ग्रिल लावायची परवानगी कमिटीने दिली आहे, तिचा काहीतरी उपयोग होऊ दे.

आता एक जरा नाजूक गोष्ट. मागच्या वर्षी आपल्या एका वॉचमनबद्दल कमिटीकडे लेखी तक्रार आली होती. त्याच्या कोपरांवर, गुडघ्यांवर जाड पांढरट खपल्या आहेत, तो लिफ्टची बटणं दाबतो, मुलांच्या सायकली उचलतो, तर त्याला बदला. सेक्रेटरींनी तक्रार खिशात ठेवली आणि त्याला घेऊन माझ्याकडे आले. याबद्दल मी त्यांचे जाहीर आभार मानते. तो सोरायसिस होता. सोरायसिस हात लावल्याने होत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही, नवऱ्याचा बायकोला होत नाही. शरीराची संरक्षणयंत्रणा उगाच चवताळते आणि कातडीच्या पेशी फार भराभर तयार होतात. या आजारावर गेल्या पंधरा-वीस वर्षांत जेवढं चांगलं संशोधन झालं तेवढं आमच्या शाखेत क्वचितच कुठे झालं असेल. नेमक्या त्या चवताळलेल्या साखळीतला एकच दुवा अडवणारी इंजेक्शनं आली. त्यातलं 'इटोलिझुमॅब' हे बंगळूरच्या कंपनीने विकसित केलं आणि 2013 मध्ये आपल्याकडे त्याला परवानगी मिळाली. वॉचमनभाऊंना एवढ्या पुढे जावं लागलं नाही, साध्या औषधांनी भागलं. ज्या मजल्यावरून तक्रार आली होती तिथल्या मुलांच्या अंगावर मला गजकर्ण दिसलं होतं, जे खरोखर पसरतं. असो.

बरं, कर्करोगाकडे येऊ.

ऑस्ट्रेलियात असं म्हणतात की दर तीनांतल्या दोघांना सत्तरीपर्यंत कुठला ना कुठला त्वचेचा कर्करोग होतो. गोरी कातडी आणि कडक ऊन. आपल्या कातडीत मेलॅनिन नावाची छत्री आहे, म्हणून आपल्याकडे हे प्रमाण फारच कमी. लग्नाच्या जाहिरातीत जिला आपण नावं ठेवतो ती सावळी कातडी इथे कामाला येते. पण या चांगल्या बातमीतूनच घोटाळा होतो. इंटरनेटवर त्वचेच्या कर्करोगाचे जे फोटो दिसतात ते सगळे गोऱ्या माणसांच्या गालांचे आणि पाठींचे. मग आपण गालावरच्या तिळाची काळजी करत बसतो आणि जिथे आपल्याला होतो तिथे बघतच नाही.

आपल्याला कुठे होतो? ऊन लागतं तिथे होतोच, पण त्याखेरीज सतत घासणाऱ्या, भाजणाऱ्या, न भरणाऱ्या जखमेच्या जागी होतो. काश्मीरमध्ये थंडीत फिरनच्या आत कांगडी धरतात, निखाऱ्यांची. वर्षानुवर्षं पोटाला, मांडीला शेक बसून तिथे कर्करोग होतो. ही गोष्ट फार जुनी माहीत आहे. आणि आपल्या परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातले डॉ. वसंत खानोलकर यांनी 1945 मध्ये एक निबंध लिहिला, आपल्या चालीरीतींमुळे होणाऱ्या कर्करोगांवर. त्यात तंबाखूचे प्रकार होतेच, पण एक होता धोतराचा. कमरेला रोज त्याच जागी धोतर घट्ट आवळायचं, कातडी काळी पडते, जाड होते, चिरते, आणि कधीतरी तिथे कर्करोग धरतो.

धोतर गेलं, म्हणून हा विषय संपला असं आम्हाला वाटत होतं. पण नोव्हेंबर 2024 मध्ये वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी मिळून 'बीएमजे केस रिपोर्ट्स' या ब्रिटिश नियतकालिकात दोन बायकांची हकीकत लिहिली. एक सत्तर वर्षांची. कमरेच्या उजव्या बाजूला जखम, दीड वर्ष भरत नव्हती. दुसरी साठीच्या पुढची. ती चाळीस वर्षं रोज लुगडं नेसत आली, आत परकर न घालता, लुगड्याची गाठच कमरेला आवळून. तिला दोन वर्षं जखम होती. दोघींच्या जखमेत कर्करोग निघाला, आणि दुसरीचा तोवर जांघेतल्या गाठीपर्यंत पोचला होता.

मी हे वाचलं तेव्हा दीड वर्ष आणि दोन वर्ष या दोन आकड्यांपाशी थांबले. कमरेची जखम, परकराच्या नाडीखालची. ती कोणाला दाखवायची? डॉक्टर पुरुष असला तर लाज. सून म्हणते दाखवा, सासूबाई म्हणतात नाडी लागली असेल, हळद लावते. दीड वर्ष हळद. कातडीचा हा कर्करोग वेळेत काढला तर बहुतेक वेळा तिथेच संपतो, छोट्या शस्त्रक्रियेत. गाठीत गेल्यावर तसं राहत नाही.

इथे बसलेल्या किती जणींच्या कमरेवर नाडीचा काळा पट्टा आहे? हात वर करू नका, मला माहीत आहे, जवळजवळ सगळ्यांच्या. त्या सगळ्यांना कर्करोग होणार नाही. हा कर्करोग दुर्मिळच आहे. नाडीऐवजी रुंद पट्टी लावा, गाठ रोज त्याच जागी बांधू नका, सैल बांधा, घरी असताना गाऊन घाला. आणि पट्ट्यावर चीर पडली, खपली धरली, आणि ती महिनाभरात भरली नाही, तर हळद बंद आणि दवाखाना सुरू. हेच जुन्या भाजलेल्या जागेबद्दल. लहानपणी स्टोव्हचा भडका उडून भाजलेल्या कितीतरी बायका आपल्या पिढीत आहेत. त्या व्रणावर तीस-चाळीस वर्षांनी न भरणारी जखम झाली तर ती तपासून घ्यायलाच हवी. आणि गावाकडे आई, आत्या, मावशी असेल तर या वेळी फोनवर जेवलीस का विचारल्यावर हेही विचारा.

दुसरी जागा तळपाय आणि नखं. मेलानोमा हा कातडीच्या रंगपेशींचा कर्करोग, सगळ्यात खोडसाळ. आपल्यात तो बऱ्याचदा तळव्यावर किंवा नखाखाली होतो. बॉब मार्ली हा जमैकाचा गायक तुमच्या मुलांना माहीत असेल. त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली हाच कर्करोग 1977 मध्ये सापडला आणि 1981 मध्ये तो गेला, वय छत्तीस. आपण तळपाय बघतो कधी? मधुमेह असलेल्यांना आम्ही रोज बघायला सांगतो, बाकीचेही आंघोळीनंतर आठवड्यातून एकदा बघा. वाढत जाणारा, कडा वेड्यावाकड्या असलेला काळा-तपकिरी डाग. एकाच नखात नव्याने आलेला काळा उभा पट्टा, जो रुंद होत चालला आहे किंवा नखाच्या बाहेर कातडीवर उतरला आहे. दाराला बोट चेंगरून काळं झालेलं नख वाढीबरोबर पुढे सरकतं. हा पट्टा सरकत नाही. आणि बायकांनो, डॉक्टरकडे येताना नेलपॉलिश काढून या.

मेलानोमावरच्या उपचारात मात्र माझ्याच हयातीत चमत्कार झाला म्हणायला हरकत नाही. मी शिकत होते तेव्हा पसरलेला मेलानोमा म्हणजे काही महिन्यांची गोष्ट होती. आपल्या सैनिकपेशींना एक ब्रेक असतो. कर्करोग तोच ब्रेक दाबून धरतो. हा ब्रेक सोडवता येतो हे दाखवणाऱ्या अमेरिकेच्या जेम्स ॲलिसन आणि जपानच्या तासुकू होंजो यांना 2018 चं नोबेल मिळालं. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांचा मेलानोमा 2015 मध्ये मेंदूपर्यंत पोचला होता, वय नव्वद. यातलंच एक औषध त्यांना दिलं. ते डिसेंबर 2024 मध्ये गेले, वयाची शंभरी पूर्ण करून. अशी दोन औषधं एकत्र दिलेल्या पसरलेल्या मेलानोमाच्या रुग्णांपैकी दहा वर्षांनंतर 43 टक्के हयात होते, असं 2024 मध्ये प्रसिद्ध झालं. आता प्रत्येक रुग्णाच्या गाठीप्रमाणे वेगळी लस बनवायचा प्रयत्न चालू आहे, कोविडच्या काळात आली त्याच एमआरएनए तंत्राने. 157 रुग्णांच्या चाचणीत ती ब्रेक सोडवणाऱ्या औषधाबरोबर दिल्यावर रोग उलटण्याचा किंवा मृत्यूचा धोका त्या औषधाच्या तुलनेत 44 टक्क्यांनी कमी दिसला. मोठ्या चाचण्या चालू आहेत, त्यामुळे वर्तमानपत्रात 'कर्करोगावर लस सापडली' असं वाचलंत तर जरा दमाने घ्या.

आणि यात आपल्यासाठी एक बोच आहे. तळव्यावरचा मेलानोमा या औषधांना गोऱ्यांच्या पाठीवरच्या मेलानोमाइतका दाद देत नाही. तो उन्हाने झालेला नसतो, त्याची घडण वेगळी. औषधं महाग, ती तर वेगळीच गोष्ट. त्यामुळे आपल्याकडे नखावरचा पट्टा लवकर दाखवण्याला जे महत्त्व आहे ते कुठल्याही इंजेक्शनला नाही.

याच संशोधनातून कोडाबद्दल एक सुंदर गोष्ट कळली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. कोड म्हणजे शरीराचे सैनिक स्वतःच्याच रंगपेशींना मारतात. मेलानोमा म्हणजे त्याच रंगपेशी बेफाम होतात. ब्रेक सोडवणारी औषधं घेताना ज्या मेलानोमाच्या रुग्णांच्या अंगावर कोडासारखे पांढरे डाग उठले, ते जास्त जगले. आणि कोड असलेल्यांना मेलानोमा कमी होतो असंही अभ्यासांत दिसलं. ज्या डागांमुळे मुलीचं लग्न मोडतं तो डाग एका अर्थी अति जागरूक पहाऱ्याची खूण आहे. कोड स्पर्शाने होत नाही, दूध आणि मासे एकत्र खाल्ल्याने होत नाही, मागच्या जन्माशी त्याचा संबंध नाही. 2022 मध्ये अमेरिकेत त्यासाठी खास मंजूर झालेलं पहिलं रंग परत आणणारं मलम आलं, रुक्सोलिटिनिब. चेहऱ्यावर त्याचा गुण चांगला, हातापायांच्या बोटांवर कमी.

फक्त एक ओळखा. पांढुरका किंवा लालसर चट्टा आणि तिथे टोचलेलं कळत नाही, गरम-गार कळत नाही, तर तो कोड नव्हे. तो कुष्ठरोग असू शकतो. तो महाराष्ट्रातून गेलेला नाही. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, सहा महिने किंवा वर्षभर घेतलं की माणूस बरा होतो, आणि औषध सुरू झालं की तो थोड्याच दिवसांत दुसऱ्याला देईनासा होतो. घरकाम करणाऱ्या बाईच्या हातावर असा चट्टा दिसला तर तिला कामावरून काढू नका. तिला दवाखान्यात घेऊन जा, आणि त्या दिवसाचा पगार कापू नका.

चिठ्ठ्या आल्या आहेत, तीन घेते.

'मोबाईलमधल्या ॲपवर तिळाचा फोटो काढला, तर कर्करोग कळतो का?' प्रयोगात संगणक तज्ज्ञांच्या बरोबरीला आले, ही गोष्ट खरी. पण ते बहुतांश गोऱ्या कातडीच्या फोटोंवर शिकले. 2022 मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने वेगवेगळ्या रंगांच्या कातडीचे 656 फोटो अशा प्रणालींना दाखवले, तेव्हा सावळ्या-काळ्या कातडीवर त्यांची कामगिरी चांगलीच घसरली. ॲपने 'धोका नाही' सांगितलं म्हणून घरी बसू नका.

'सनस्क्रीन रोज लावायचं का?' वांग असेल, उन्हाने पुरळ येत असेल, कोडाचे डाग उघडे असतील तर जरूर. बाकीच्यांनी दुपारी छत्री आणि टोपी घेतली तरी पुष्कळ. कर्करोगाच्या भीतीने हजाराच्या बाटल्या घेऊ नका.

तिसरी चिठ्ठी आजींच्या अक्षरातली दिसते. 'तुकडा काढून तपासला की कर्करोग पसरतो म्हणतात, खरं का?' नाही आजी. कातडीचा एवढासा तुकडा, जागा बधिर करून काढतात, दहा-पंधरा मिनिटांचं काम. त्याने रोग पसरत नाही. तुकडा न काढता वर्षभर थांबलं तर पसरतो. तुम्हाला काही दाखवायचं असेल तर या सगळ्यांसमोर नको, येत्या रविवारी सकाळी दहा ते अकरा मी शेजारच्या ऑफिसच्या खोलीत बसते आहे, दार लावून. बाकीच्यांनीही या, फक्त घरातल्या सगळ्या अर्धवट वापरलेल्या ट्यूब पिशवीत घालून आणा. फ्रिजच्या दारातलीसुद्धा.